गोधडीतलं लुगडं

अ‍ॅग्नेसताई, तुझ्या अंत्यविधीला मी रडले नाही. घरातल्या हॉलच्या मधोमध तुझी शवपेटी ठेवली होती. फादर प्रार्थना म्हणत होते, तुझी धाकटी बहीण फिलोमिना माझा हात घट्ट धरून हुंदके देत होती, आणि मी मात्र तुझ्या काचेच्या कपाटाखालच्या बंद कप्प्याकडे बघत होते. त्याची किल्ली कुणाकडे असेल? माझ्या आजीची गोधडी अजून आत असेल, की तू केव्हाच कुणाला देऊन टाकली असशील? बारा वर्षांच्या मैत्रिणीच्या देहाशेजारी उभं राहून मी तिच्यावर चोरीचा संशय घेत होते. त्या दिवशी कुणाला सांगता आलं नाही, म्हणून आता तुलाच सांगते.

माझा स्वभाव तुला माहीत होता. माझी सगळी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेली, कापड रंगवायच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये. शुद्ध सुती म्हणून आलेल्या ताग्यात हमखास पॉलिस्टर निघायचं. धागा उपसायचा, चिमट्यात धरायचा आणि जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख फुंकरीने उडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो, नखाने फुटत नाही. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या बोलण्यातलाही धागा उपसून बघायची खोड लागते. माझा नवरा म्हणायचा, "रत्ना, तू भाजीवाल्याच्या नमस्कारालाही काडी लावशील."

तुझी माझी ओळख त्या खोडीमुळेच झाली. ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात तू तुझ्या बाहुल्या मांडल्या होत्यास. दीड वीत उंचीच्या, लाकडात कोरलेल्या. सरदारांच्या बायका, पगडीवाले कारभारी, लुगड्यातली तुमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची नवरी. प्रत्येकीपुढे तुझ्या अक्षरातलं एक कार्ड: काळ कुठला, कापड कुठलं, कुणाच्या घरून आलं. एका बाहुलीपुढे लिहिलं होतं, 'शालू, कल्याणच्या एका घरातला, चार पिढ्यांपूर्वीचा.' मला वाटलं, थापा. काठाचा एक सुटा धागा मी हळूच बोटाने ओढला.

"काय गो बाय, चोरतेस काय?" तू मागेच उभी होतीस.

"तपासते."

"कशी?"

"जाळून."

तू पर्समधून काडेपेटी काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. "मग माझ्यासमोर जाळ."

आपण दोघी सभागृहाच्या मागच्या दाराशी गेलो. धागा जळला, केसांचा वास आला, राख बोटावर चुरली. अस्सल रेशीम. मला जरा लाज वाटली. तू मात्र खूश झालीस. "आजपर्यंत सगळे नुसते 'किती गोड, किती गोड' करून गेले," तू म्हणालीस. "बुधवारी घरी ये. खोपटला डेपोच्या मागे. कुणालाही विचार, बाहुलीवाली अ‍ॅग्नेस."

त्यानंतर बारा वर्षं बुधवार तुझा झाला. तुझे वडील चर्चसाठी संतांच्या मूर्ती कोरायचे, त्यांच्या पटाश्या तू वापरायचीस. शिवणीचं लाकूड घ्यायचीस, ते हलकं असतं आणि तडकत नाही म्हणून. बाहुल्यांना कपडे नेसवायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटायचं, जुनं कापड म्हणजे नुसता मिरवायचा प्रकार. तशाच रंगाचं नवीन रेशीम आणलं तर कुणाला कळणार आहे? तू एक नवा तुकडा दिलास आणि म्हणालीस, "नेसव." मी तासभर झगडले. निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहिल्या, बाहुली तंबू घातल्यासारखी दिसायला लागली. मग तू बोहारणीकडून आलेल्या एका फाटक्या शालूचा तुकडा दिलास. किती वर्षं कुणाकुणाच्या अंगावर राहून तो विरला होता, पण कमरेवरून पायापर्यंत असा उतरला की मी बघतच राहिले. "अंगाची सवय झालेलं कापड हाय ते," तू म्हणालीस. "त्याला शिकवायला लागत नाही."

आणि तुझा एक नियम होता. अंदाजाने काही नेसवायचं नाही. खात्री नसेल तर बाहुली उघडीच कपाटात राहील, वर्षभर राहिली तरी चालेल. कार्डावर तू कधी 'बहुधा' लिहिलं नाहीस.

माझा नवरा गेला त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी आले नाही, तर तूच डोंबिवलीला आलीस. भेटायला आलेल्या बायका पलंगावर बसून उसासे टाकत होत्या. तू पिशवीतून एक अर्धा कारभारी काढलास, माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "ह्याची पगडी बांधून दे. मला जमत नाही." तुला माझ्याहून चांगली जमायची. मी दुपारभर ती बांधली, सोडली, पुन्हा बांधली. त्या दिवशी तेवढंच मला झेपण्यासारखं होतं, हे तुला कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही.

भांडलोही पुष्कळ. सगळ्यात मोठं भांडण गेल्या वर्षी, तुझ्या कपाटासमोर. मी म्हटलं, "ताई, ह्या सगळ्या पालखीत बसणाऱ्या. ह्यांच्या वाटेवर झाडू मारणारी कुठे आहे? वीटभट्टीवर विटा वाहणारी? माझी आजी कुठे आहे ह्यात?"

"तिचं कापड आण. मी करते."

"आमच्या बायकांचं कापड राहतं कुठे? पेटीत घडी घालून ठेवायला दुसरं असावं लागतं. अंगावरच संपतं ते."

"मग मी कशावरून करू? अंदाजानं?"

"म्हणजे ज्यांच्याकडे पेट्या होत्या त्यांच्याच बाहुल्या होणार."

तू पटाशी खाली ठेवलीस. घरी जाताना मला आठवलं: गोधडी! माझी आजी शहाडला उल्हास नदीच्या काठच्या वीटभट्टीवर काम करायची. मी सात वर्षांची असताना ती गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. पण आई मला लहानपणी एक गोधडी पांघरायची आणि सांगायची, "ह्याच्या आत तुझ्या आजीचं लुगडं आहे हं." जुन्या कापडांचे थर एकावर एक घालूनच गोधडी शिवतात. वरून कितीदा अस्तर बदललं, पण आतलं कापड तसंच होतं.

पुढच्या बुधवारी मी ती तुझ्या टेबलावर ठेवली. तू वरून हात फिरवलास, एखाद्या झोपलेल्या माणसावरून फिरवावा तसा. "एका कडेनं उसवते," तू म्हणालीस. "लागेल तेवढाच तुकडा घेते. परत तशीच शिवून देते." तुझे डोळे भरले होते. निदान मला तसं वाटलं.

आणि मग तू बदललीस.

आठवड्यामागून आठवडे गेले. विचारलं की "चालू हाय काम." कप्प्याला कुलूप लागलं, त्याला आधी कधी कुलूप नव्हतं. मी आत आले की टेबलावरचं काहीतरी फडक्याखाली जायचं. त्याच दिवसांत जुनी कापडं जमवणारी मुंबईची एक बाई तुझ्याकडे यायला लागली. हातात पांढरे मोजे घालून कापड उचलायची. एकदा मी दारात असताना ती तुला विचारत होती, "आणि साधी, कामकरी बायकांची लुगडी? ती तर मिळतच नाहीत." तू माझ्याकडे पाहिलंस आणि विषय बदललास. तेवढं मला पुरलं.

मे महिन्यात तू बाहुली दिलीस. तिला बघून मी क्षणभर सगळं विसरले. डोक्यावर चुंबळ, एक हात वरच्या विटांना लावलेला, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला. मान जराशी खाली, पण वाकलेली नाही. तू आयुष्यात कोरलेली सगळ्यात चांगली बाहुली ती. चौकटीचं कापड, मळकट जांभळं. मी त्याला बोट लावलं. कापड गुळगुळीत होतं. वीटभट्टीवरचं जाडंभरडं लुगडं असं लागत नाही.

"कार्ड?" मी विचारलं. तुझ्या प्रत्येक बाहुलीला कार्ड असायचं.

"लिहीन," तू म्हणालीस. माझ्याकडे न बघता.

"आणि गोधडी?"

"कड शिवायची राहिलीय. देते नंतर."

घरी येऊन मी काच्याच्या आतून एक धागा उपसला. स्वयंपाकघरात गॅसजवळ उभी राहिले. चिमट्यात धरला, काडी लावली. तो आधी जरा जळला आणि मग वितळला. कडक काळा मणी. मी पुन्हा एक धागा काढला, पुन्हा तोच मणी. मिश्र कापड. अर्धं सुती, अर्धं पॉलिस्टर.

त्या क्षणी मला सगळं सरळ दिसायला लागलं, अ‍ॅग्नेसताई, इतकं सरळ की शंका घ्यायला जागाच राहिली नाही. माझ्या आजीचं लुगडं तू त्या मोजेवालीला दिलंस. मला बोहारणीकडचं कुठलंतरी चौकटीचं पातळ नेसवून बाहुली दिलीस. कार्ड लिहायला मात्र तुझा हात धजला नाही. एवढीच काय ती तुझी लाज.

मी भांडायला हवं होतं, त्याच पावली रिक्षा करून यायला हवं होतं. पण मी काहीच बोलले नाही. लॅबमध्येही आम्ही आधी पुरावा जमवायचो आणि मग बोलायचो. तू पहिली बोलशील, अडखळशील, म्हणून मी वाट बघत राहिले. बुधवार गाळायला लागले. आले तरी हात धुऊन पाहुण्यासारखी बसायची. तू चहा द्यायचीस, मी 'छान झालाय' म्हणायची. आपण दोघी एकमेकींकडे अशा बघायचो जशा पत्ते खेळताना बायका बघतात.

मग तुझी तब्येत बिघडली. दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुझे हात चादरीवर होते, पटाशीचे जुने वळ बोटांवर तसेच. फिलोमिना खाली औषध आणायला गेली होती. खोलीत आपण दोघीच.

"रत्ना," तू म्हणालीस, "कायतरी बोलायचंय तुला?"

मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिला मनावरचं ओझं उतरवायचंय आणि तेही मलाच बोलायला लावून. "नाही," मी म्हटलं. "काही नाही. तुला?"

तू छताकडे नजर वळवलीस. "नाय," म्हणालीस.

चार दिवसांनी तू गेलीस.

तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आले, खरं सांगते, गोधडीसाठी आले. मिस्सा झाल्यावर घरी सगळे चहा घेत होते, तेव्हा फिलोमिनाने कुलूप काढून कप्प्यातून एक बोचकं आणलं आणि माझ्या हातात दिलं. "तुझं हाय. अ‍ॅग्नेसनं सांगून ठेवलेलं." आत गोधडी. एक कड उसवून परत शिवलेली, तुझ्या बारीक टाक्यांनी. आधीच्या टाक्यांच्या त्याच भोकांतून.

घरी आल्याबरोबर मी ती कड पुन्हा उसवली. मला वाटत होतं, आत रिकामा थर निघेल. तसं नव्हतं. आत कापड होतं, मळकट जांभळं, चौकटीचं. एका कोपऱ्यातून बाहुलीच्या लुगड्याएवढा तुकडा कापलेला, आणि बाकीचं सगळं जागच्या जागी. त्याचा धागा मी जाळला. कडक काळा मणी.

तू काही बदललं नव्हतंस. मी दिलं तेच तू नेसवलंस. माझ्या आजीच्या गोधडीत आजीचं लुगडं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी शहाडला आत्याकडे गेले. माझ्या आजीच्या मुलींपैकी तीच उरलीय. डोळ्यांनी कमी दिसतं, बाकी सगळं लख्ख. गोधडी तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं. तिने आतल्या कापडावर अंगठा घासला आणि हसलीच.

"हे आईचं कुठलं? आईला एकच धड लुगडं व्हतं. ती गेल्यावर मी नेसले, भट्टीवरच. पार विरलं, मग त्याचं पोतेरं केलं. चूल सारवायला. संपलं तिथंच." तिने पुन्हा हात फिरवला. "हे तुझ्या आईचं पातळ. तुझ्या बापानं हौसेनं आणलेलं, मिक्सचं. तिला सोसायचं न्हाई. घामोळं यायचं अंगाला. म्हणून घातलं वाकळेत."

"मग आई मला खोटं का सांगायची, आत्या?"

"तू झोपायची न्हाईस. आजी पायजे, आजी पायजे, रात सारी रडायचीस. मग तिनं सांगितलं तुला, ह्यात आजी हाय म्हणून. तवा झोपलीस."

जगातलं प्रत्येक कापड मी तपासलं, ताई. हे एकच कधी तपासलं नाही.

तिथून मी घरी गेले नाही, सरळ ठाण्याला आले. मला वाटत होतं की आता फक्त माफी मागायची राहिलीय. तू नाहीस, तर फिलोमिनाजवळ. तिला मी सगळं सांगितलं: धागा, मणी, मोजेवाली बाई, दवाखान्यात गिळलेले शब्द. म्हटलं, मी तुझ्या बहिणीला चोर समजले गं, आणि ती मरेपर्यंत तसंच समजत राहिले.

फिलोमिना माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागली. "म्हणजे तुला ठाऊक नव्हतं?"

"काय?"

"कापड मिक्सचं हाय ते." तिने खुर्ची पुढे ओढली. "अ‍ॅग्नेसनं गोधडी उसवली त्याच दिवशी मला बोललेली. 'फिलू, हे जुनं लुगडं नाय. हात लावल्यावर कळतं. रत्नाला कळलं नसेल असं होईल काय? ती नुसता धागा बघून सांगते. तिनं मुद्दाम दिलंय. भांडलेली ना माझ्याशी. आता बघते हाय, मी हे गपचूप नेसवून वर आजीचं म्हणून कार्ड लिहिते काय.' किती दिवस तिनं त्याला हात लावला नाय. मग बाहुली केली, पण कार्ड लिहायला तयार नाय."

"मग मला विचारलं का नाही?"

"मीपण तेच बोलली तिला. तर बोलते कशी, 'परीक्षा ती घेते, तिनं विचारू दे. ती विचारेल तेव्हा मी सांगेन.' तू यायची, गप बसायची, तिच्या तोंडाकडे बघायची. तिला वाटायचं, अजून बघतेच हाय. दवाखान्यातून तू गेलीस त्या दिवशी रडली ती. 'आतापण बोलली नाय, फिलू,' बोलली."

मी विचारलं, "आणि ती मुंबईची बाई?"

"तिला तर अ‍ॅग्नेसनं हाकललं. तुझी गोधडी मागत होती ती. म्हणून तर कुलूप लावलेलं."

बारा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण, आणि वर्षभर दोघी एकमेकींच्या कबुलीची वाट बघत होतो. कबूल करण्यासारखं काही कुणाकडेच नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. 'ताई, हे कापड असं कसं गं?' एवढंच. तू हसली असतीस, मी चिडले असते, आपण दोघी त्याच संध्याकाळी शहाडला आत्याकडे गेलो असतो. पोतेऱ्याची गोष्ट तू ऐकायला हवी होतीस. माझ्या त्या भांडणाचं उत्तर त्यातच होतं: बाहुलीला नेसवायला काही उरलंच नाही, आणि का उरलं नाही. ते ऐकून तू काय केलं असतंस, काय कोरलं असतंस, ह्याचा अंदाजसुद्धा मला करता येत नाही.

आता लिहिताना जुनी खोड पुन्हा डोकं वर काढते. फिलोमिना खरं सांगते आहे ना? की समोर बसलेल्या रडवेल्या बाईची समजूत घालायला, तिला झोप लागावी म्हणून, तिने काहीतरी रचून सांगितलं? एकदा असं माझ्या बाबतीत झालेलं आहे. तुला माझ्यावर संशय होता हे खरं असेल तर आपण दोघी सारख्याच वेड्या. नसेल, तर तू शेवटपर्यंत साधी होतीस आणि वेडी मी एकटी. दोन्हीतलं कुठलं, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि ज्या दिवशी तू सांगणार होतीस, त्या दिवशी मी 'काही नाही' म्हटलं.

फिलोमिनाने निघताना विचारलं, तुझ्या हत्यारांचं काय करायचं. तिला त्यातलं काही येत नाही. मी म्हटलं, राहू दे तशीच, मी येते. तिने विचारलं, कधी? मी म्हटलं, बुधवारी.

ती जे म्हणाली ते खरं धरून चालायचं मी ठरवलंय, अ‍ॅग्नेसताई. मला ते जमेल की नाही, माहीत नाही. पण तिला दुसऱ्यांदा विचारणार नाही.